लंबा, लांब आणि उंच

लहान मुलांना मोजमाप शिकवायचं म्हटलं की आपण त्यांच्या हातात आधी पट्टी देतो. पट्टीवर आकडे असतात, आकडे मुलांना पाठ असतात. मूल पेन्सिलीशेजारी पट्टी धरतं आणि 'बारा' म्हणतं. आपल्याला वाटतं, झालं, मोजायला आलं. पण 'बारा काय?' असं विचारून पाहा. बरीच मुलं गोंधळून आपल्याकडे बघतात. एखादं धीट मूल सांगतं, 'बारा पट्टी'.

मी बरीच वर्षं पहिली-दुसरीच्या वर्गांवर काढली. निवृत्तीनंतरही मोहल्ल्यातली मुलं संध्याकाळी घरी येतात. एवढ्या वर्षांत एक गोष्ट पक्की कळली आहे. मोजण्याच्या आधी तुलना येते, आणि तुलना करायला मुलं शाळेत येण्याआधीच शिकलेली असतात.

ईदच्या सकाळी शीरखुर्म्याच्या वाट्या मांडल्या की बघा. 'मेरेकू कम दिए, उसकू जास्ती दिए' म्हणून जे चार वर्षांचं पोर रडतं, त्याला शंभरापर्यंत आकडे येत नसतात. पण त्याने दोन वाट्या शेजारी शेजारी पाहिलेल्या असतात. वाटीचा रंग, नक्षी, चमचा हे सगळं बाजूला ठेवून 'किती भरली आहे' एवढी एकच गोष्ट निवडलेली असते, आणि त्यावरून निकाल दिलेला असतो. मोजमापाचं निम्मं काम तिथेच झालं. शाळेने पुढचं निम्मं शिकवायचं. अडचण अशी की पहिलं निम्मं झालेलं आहे, हेच शाळेला अनेकदा दिसत नाही. दिसत नाही, कारण ते दुसऱ्या भाषेत झालेलं असतं.

आमच्या मिरजेतली बरीच मुस्लिम मुलं मराठी शाळेत जातात आणि घरी दखनी बोलतात. दोन्ही भाषा एकमेकींच्या शेजारी वाढलेल्या. शेकडो शब्द सारखे, किंवा सारखे वाटणारे. सारखे वाटणारेच जास्त फसवतात. दखनीत माणूसही 'लंबा' आणि दोरीही 'लंबी'. मराठीत माणूस उंच आणि दोरी लांब. शिवाय मराठीत 'लांब' म्हणजे दूरसुद्धा. दखनीत वजनदार वस्तू 'भारी'. मराठी शाळेच्या मैदानावर 'भारी' म्हणजे एकदम झकास. दखनीतलं 'मोटा' म्हणजे मराठीतलं जाड, पण कानाला ते 'मोठा'सारखं लागतं. त्यात मराठीतच 'जड' आणि 'जाड' एका कान्याच्या अंतरावर बसलेले. सहा वर्षांच्या मुलाने यातून वाट काढायची असते, आणि तीही बाई 'पटपट सांग' म्हणत असताना.

काही वर्षांपूर्वी एक आई मुलीला घेऊन माझ्याकडे आली. मुलगी पहिलीत. शाळेतून सांगितलं होतं की हिला लहान-मोठंसुद्धा कळत नाही, अभ्यासात मागे आहे, घरी लक्ष द्या. आई घाबरलेली. 'आपा, इसका दिमाग कमजोर है क्या?' असं तिने मुलीसमोरच विचारलं. मुलगी खाली मान घालून चटईची काडी उपसत बसली होती.

मी तिचा पेपर पाहिला. 'मोठ्या पुस्तकावर खूण कर' या चित्रात एक पुस्तक लांबरुंद पण पातळ होतं, दुसरं लहान पण जाडजूड. तिने जाडजूड पुस्तकावर खूण केली होती. 'उंच झाडाला गोल कर' हा प्रश्न कोराच होता. आई म्हणाली, वर्गात तिने मैत्रिणीकडे बोट दाखवून 'ती माझ्यापेक्षा लांब आहे' असं सांगितलं, तेव्हा सगळा वर्ग हसला. त्या दिवसापासून ती वर्गात तोंड उघडत नाही.

मी स्वयंपाकघरातून पाच चमचे आणले. चहाचा, जेवणाचा, भाताचा, आमटीचा डाव आणि बिर्याणी काढायचा मोठा उलथण्यासारखा चमचा. चटईवर विस्कटून टाकले आणि म्हटलं, 'छोटे से लंबे तक लगा.' तिने क्षणभर पाहिलं आणि सगळ्या दांड्यांची टोकं चटईच्या काठाला टेकवून पाचही चमचे ओळीने लावले. टोकं एका रेषेत हवीत, हे तिला कोणी सांगितलं नव्हतं. मग मी मुठीत मावेल असा दगडी वरवंट्याचा तुकडा आणि चुरमुऱ्यांची फुगलेली पिशवी पुढे केली. 'भारी कौनसा?' तिने दोन्ही उचलूनही पाहिलं नाही. 'पत्थर. थैली खाली बड़ी दिखती.'

नुसती मोठी दिसते. या एका वाक्यात आकार आणि वजन यांतला फरक होता. हे वाक्य मराठीत आलं असतं, तर शाळेने तिला हुशार म्हटलं असतं.

त्यानंतर आम्ही तिच्याकडे होते ते शब्द न पुसता शेजारी मराठी शब्द बसवले. 'लंबा' उभा राहिला की उंच, आडवा पडला की लांब. मी एका मुलाला भिंतीशी उभं केलं आणि विचारलं, कसा? 'उंच.' त्यालाच चटईवर झोपवलं, आता? सगळी मुलं ओरडली, 'लांब!' आणि तो उठून दाराबाहेर पळाला, तेव्हाही कोणीतरी म्हणालं, 'आता पण लांब!' या वेळी हसणाऱ्यांत ती मुलगीही होती. दोन भाषा येणाऱ्या मुलाला एका जागी दोन शब्द ठेवता येतात, आणि दोन शब्द ठेवले की विचार जास्त बारीक होतो. मराठी घरातल्या मुलांचाही 'मोठा' या शब्दापाशी गोंधळ होतोच. मोठा भाऊ धाकट्यापेक्षा बुटका असला की मोठा कोण? वयाने मोठा, अंगाने मोठा, उंचीने मोठा, हे वेगळं करून विचारलं की मुलांना आपण नेमकं काय मोजतोय याचा विचार करावा लागतो. पट्टी त्यानंतर.

मी ज्या क्रमाने शिकवते तो साधा आहे, कोणत्याही घरात जमेल असा.

पहिली पायरी, दोन वस्तू थेट शेजारी. दोन पेन्सिली, दोन ओढण्या, दोन लाटणी. एक टोक जुळवायचं, दुसऱ्या टोकाकडे बघायचं. सगळा खेळ त्या जुळवलेल्या टोकात आहे. पुढे पट्टी हातात आल्यावर शून्यापासून मोजायचं असतं, त्याची तयारी इथेच होते.

दुसरी पायरी, शेजारी आणता येत नाहीत अशा वस्तू. दार आणि कपाट यांत उंच कोण? कपाट उचलून दारापाशी नेता येत नाही. इथे सुतळी कामाला येते. मिरजेच्या मुलांना हे शिकवायला मला फारसे कष्ट पडले नाहीत, कारण इथे दर्ग्याच्या परिसरात पिढ्यान्‌पिढ्या सतार-तंबोरे बनवणारी घरं आहेत. पंढरपूर-मंगळवेढ्याच्या बाजूने वाळलेले भोपळे येतात. पुरुषांच्या तंबोऱ्याला मोठा भोपळा लागतो, बायकांच्या तंबोऱ्याला लहान. भोपळ्यावर सरळ पट्टी ठेवून काय कळणार? त्याच्या पोटाभोवती दोरी फिरवायची, जिथे मिळेल तिथे चिमटीत धरायची आणि मग ती दोरी सरळ करायची. एका कारागिराच्या मुलाने वर्गात हे करून दाखवलं, तेव्हा बाकीची मुलं कलिंगड, डोकं, खांब, पाण्याची घागर, जे मिळेल त्याचा घेर घेत सुटली. वाकडी गोष्ट सरळ करून मोजता येते, हे त्यांना त्या दिवशी एका दोरीने शिकवलं.

तिसरी पायरी, वीत आणि पाऊल. चटई किती वितींची? इथे दोन नियम मुलांनीच शोधायचे असतात: दोन वितींमध्ये फट नको आणि एक वीत दुसरीवर चढायला नको. काडेपेट्या ओळीने लावल्या तरी हेच कळतं. मग मी तीच चटई माझ्या वितीने मोजते. मुलीच्या बारा विती येतात, माझ्या आठ. 'चटई छोटी झाली का?' मुलं हसतात आणि मग गप्प होतात. त्या गप्प होण्याची मी वाट बघत असते. कोणी म्हणतं, बाईंचा हात मोठा. कोणी म्हणतं, मग खरं कोणाचं? दोन्ही खरं, पण एकमेकांना सांगून उपयोगाचं नाही. दुकानदाराला 'बारा वितींची चटई द्या' म्हटलं तर तो कोणाच्या वितीने देईल? आता पट्टी हातात द्यायची. आता मुलाला कळतं की पट्टी म्हणजे सगळ्यांनी मान्य केलेली एक वीत.

मुलांचा हा प्रश्न जगाचाच जुना प्रश्न आहे. आपल्याकडे चिपटं, मापटं, शेर, पायली अशी मापं होती. दोन चिपट्यांचं मापटं, दोन मापट्यांचा शेर, चार शेरांची पायली. हिशेब सुबक, पण एका भागातला शेर दुसऱ्या भागातल्या शेराएवढा असेलच याची खात्री नव्हती, आणि फरकात नुकसान व्हायचं ते बहुधा अडाणी माणसाचं. म्हणून १९५६ साली वजन-मापांचा कायदा झाला, १ एप्रिल १९५७ पासून नवे पैसे आले आणि १९५८पासून टप्प्याटप्प्याने किलो-मीटर बाजारात उतरले. त्या किलोचाही मूळ नमुना म्हणजे पॅरिसजवळ जपून ठेवलेला धातूचा एक ठोकळा होता. त्याची एक प्रत दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेत आहे. २० मे २०१९ पासून मात्र किलोची व्याख्या कोणत्याही ठोकळ्यावर अवलंबून नाही, ती निसर्गातल्या एका स्थिर राशीवर बांधली आहे. कोणाच्याही हातावर, कोणत्याही देशातल्या कपाटावर अवलंबून नसलेलं माप माणसाला हवं होतं. चटईपाशी गप्प झालेल्या मुलांनाही तेच हवं असतं.

वजनासाठी मी कपडे अडकवायच्या हँगरला दोन बाजूंना नारळाच्या करवंट्या बांधते. मधोमध खिळ्याला टांगलं की तराजू तयार. मुलं लगेच काहीतरी घालायला धावतात. मी थांबवते: आधी रिकामी पारडी सारखी आहेत का बघा. एक बाजू झुकत असेल तर दुसरीकडे खडा ठेवून पासंग काढायचा, मग वजन करायचं. हल्ली दुकानात इलेक्ट्रॉनिक काटा असतो. अचूक असतो, पण मुलाला त्यात फक्त आकडा दिसतो. इकडे दोन, तिकडे दोन, मध्ये दांडी सरळ, हे दृश्य त्याला आता कुठे बघायलाच मिळत नाही. म्हणून करवंटीचा तराजू घरात असावा. कापूस आणि लोखंडी खिळा, कांदा आणि बटाटा, गुळाचा खडा आणि मूठभर चुरमुरे, आधी अंदाज आणि मग तपासणी. अंदाज चुकला तर मार्क कापायचे नाहीत. अंदाज रोज थोडा सुधारतो, एवढंच बघायचं.

पातळ पदार्थांचं प्रकरण नाजूक. झ्याँ पियाजे या स्विस मानसशास्त्रज्ञाने दाखवलं की साधारण सहा-सात वर्षांपर्यंत बऱ्याच मुलांना उंच, अरुंद ग्लासातलं पाणी जास्त वाटतं, तेच पाणी त्यांच्या डोळ्यांदेखत पसरट भांड्यातून ओतलं असलं तरी. आपल्याकडे यासाठी वेगळं साहित्य नको, कपबशी पुरेशी आहे. कपातला चहा बशीत ओतला, कमी झाला का? मूल 'हो' म्हणालं तर वाद घालू नये. बशीतला पुन्हा कपात ओतून दाखवावा, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारावं. हे सांगून पटत नाही. हात पुरेसा ओतून झाला की आपोआप पटतं.

रमजानच्या शेवटी फित्र्याची चर्चा घरोघरी सुरू होते, तेव्हा मी मुलांसमोर गहू ठेवते. फित्र्याचं मूळ माप 'साअ'. चार 'मुद' म्हणजे एक साअ, आणि मुद म्हणजे मध्यम माणसाच्या दोन्ही हातांची भरलेली ओंजळ. हनफी पद्धतीत गहू दिला तर अर्धा साअ. मुलं आपापल्या ओंजळीने गहू काढतात, करवंटीच्या तराजूवर ताडून बघतात आणि अर्थात कोणाचंच कोणाशी जुळत नाही. मग त्यांना कळतं की जाहीर होणारा आकडा कुठे पावणेदोन किलोच्या आसपास आणि कुठे दोन किलोंहून थोडा जास्त का असतो. भांड्याचं जुनं माप आजच्या वजनात उतरवताना हिशेब थोडे वेगळे निघतात. यात भांडण्यासारखं काही नाही. मात्र एक गोष्ट मी त्यांना सांगते. आपल्याकडे कुराणातल्या ८३व्या सूरेचं नावच 'मुतफ्फिफीन' आहे, म्हणजे माप-तोलात कमी देणारे. मोजणं हा धर्मात हिशेबाचा नाही, इमानाचा विषय आहे. ओंजळ लहान असली तर चालेल, ती मुद्दाम लहान केलेली नसावी.

हे इमान मोठ्यांनाही लागू आहे, खास करून मुलांची तुलना करताना. आपण चमच्यांची तुलना करायला शिकवतो आणि त्याच वेळी मुलांनाही ओळीने लावतो. हा पहिला, ती मागे, तो शेजारचा बघ कसा पटापट वाचतो. चमचे लावताना आपण सगळ्यांची टोकं एका काठाला जुळवतो. मुलांची टोकं कोण जुळवतं? एकाच्या घरी शाळेचीच भाषा, दुसऱ्याच्या घरी वेगळी. एकाची आई शेजारी बसून गृहपाठ घेते, दुसऱ्याची आई दिवसभर दुसऱ्यांच्या घरी भांडी घासते. सुरुवात न जुळवता शेवट बघायचा आणि 'हा लहान' म्हणायचं, हे वाकडं माप आहे. पासंग न काढता तोललेलं वजन आहे.

याहून चांगली तुलना आपल्याकडेच अंगणवाडीत होते. तिथे बाळाचं वजन दर महिन्याला तक्त्यावर टिंबाने मांडतात आणि टिंबं रेषेने जोडतात. शेजारच्या बाळाशी स्पर्धा नसते. त्या वयाला काय हवं आणि गेल्या महिन्यापेक्षा या महिन्यात काय झालं, एवढंच पाहतात. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलाच्या दंडाचा घेर रंगीत पट्टीने घेतात. साडेअकरा सेंटीमीटरच्या खाली लाल, म्हणजे मूल गंभीर कुपोषित आहे, लगेच उपचार हवेत. त्या पट्टीवर लाल रंग दिसला की कोणी बाळाला नापास म्हणत नाही. सगळे त्याच्यासाठी धावपळ करतात. मोजायचं ते यासाठी.

ती चमचे लावणारी मुलगी आता हायस्कुलात आहे. गणितात ती पहिली येते असं काही मी सांगणार नाही, कारण येत नाही. मधली आहे, आणि वर्गात बोलते. तिच्या आईला त्या वेळी जे सांगितलं होतं, तेच आता माझ्या मोहल्ल्यातल्या सगळ्या आयांना सांगते. मुलीला स्वयंपाकघरात बोलवा. डबे लावताना विचारा, कुठल्यात जास्त मावेल. पोळ्या लाटताना विचारा, पातळ कोणती. आपल्या भाषेत विचारा, बिनधास्त. आणि उत्तर आलं की फक्त एवढी जोड द्या: इसको मराठीमें उंच बोलते, इसको जाड बोलते. शाळेच्या बाईंना जाऊन सांगा की पोरीला कळतं, शब्द वेगळा आहे. बहुतेक बाई ऐकतात. आणि ज्या ऐकत नाहीत, त्यांच्यासमोर पाच चमचे ठेवा.